खलनायकाची बाजू

1999 साली न्यूयॉर्कमधल्या फॉन्डल एम रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीने 'ऑपरेशन: डूम्सडे' नावाचा रॅप अल्बम काढला. मुखपृष्ठावर कलावंताचा फोटो नव्हता. कॉमिक्समधल्या लोखंडी मुखवट्याच्या खलनायकाच्या वळणावर काढलेलं एक चित्र तेवढं होतं, हातात मायक्रोफोन. टीव्हीवर जाहिरात नाही, मोठ्या रेडिओ केंद्रांत वशिला नाही. रेकॉर्डच्या दुकानांतून आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडून जेवढा पसरेल तेवढा. पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि आज हिप-हॉपचा इतिहास लिहिणाऱ्याला या अल्बमला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

हा गायक नवखा नव्हता, ही त्यातली खरी मेख. आठ वर्षांपूर्वी तो इलेक्ट्रा या बड्या कंपनीचा कलाकार होता, एमटीव्हीवर दिसत होता आणि तेव्हा त्याचा चेहरा उघडा होता. मधल्या काळात पाठचा भाऊ गेला, तयार झालेला अल्बम कंपनीने अडवला आणि तो स्वतः संगीतातून नाहीसा झाला. परतला तो दुसऱ्या नावाने, तोंड झाकून आणि स्वतःला राजरोस खलनायक म्हणवत. डॅनियल डुमिले हे त्याचं खरं नाव. जग त्याला ओळखतं ते एमएफ डूम म्हणून. एमएफ म्हणजे 'मेटल फेस', धातूचा चेहरा. आणि तो स्वतः संगीत रचायचा तेव्हा 'मेटल फिंगर्स', धातूची बोटं. हे नाव नेहमी कॅपिटल अक्षरांतच लिहावं असा त्याचा हट्ट होता, त्यावर त्याने गाणंही केलं. देवनागरीत तो हट्ट पुरवायची सोय नाही, तेवढी त्याने माफी द्यावी.

त्याच्या आयुष्याकडे जाण्याआधी ज्या जगात तो परतला त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा. हिप-हॉपची जन्मतारीख 11 ऑगस्ट 1973 धरतात. त्या दिवशी ब्रॉन्क्समधल्या 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या एका पार्टीत डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा लांबवला. त्या तालावर बोलणारा तो एमसी. पंधरा-वीस वर्षांत या वस्तीतल्या करमणुकीचा मोठा धंदा झाला. धंदा म्हटला की त्याचे नियम आले. कंपनी आगाऊ रक्कम देते, ती विक्रीतून वसूल करते, मूळ ध्वनिमुद्रणाची म्हणजे मास्टर टेपची मालकी आपल्याकडे ठेवते आणि कुठलं गाणं कधी बाहेर पडेल हेही तीच ठरवते. 1996 च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका मालकाने किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठवली. केंद्रं थोड्या हातांत गेली आणि देशभर तीच ती गाणी वाजू लागली.

अंडरग्राउंड वाढलं ते याच काळात, याला समांतर. थोड्याच प्रतींच्या बारा इंची तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्या, कोणालाही माइक मिळेल अशी ठिकाणं आणि विद्यापीठांची रेडिओ केंद्रं, हे त्याचे आधार. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर 1990 पासून स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो गार्सिया हे दोघे मध्यरात्रीनंतर कार्यक्रम करायचे. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी रॅपर पहिल्यांदा तिथे ऐकू आले. याच बॉबिटोने 1995 मध्ये फॉन्डल एम सुरू केली. पैसा बेताचा, श्रोता मोजका, पण तो कान देऊन ऐकणारा. ज्याला मोठ्या बाजाराने जागा दिली नाही त्याची सोय, असं अंडरग्राउंडकडे पाहिलं जातं. डूमच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. बाजाराने त्याला काढून टाकलं हे खरं. पण नंतर बाजार हात पुढे करत असतानाही तो आपल्याच अटींवर वागत राहिला. का, याचं उत्तर त्याच्या चरित्रात आहे.

डॅनियल डुमिलेचा जन्म 13 जुलै 1971 चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला गेलं आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लाँग बीच गावात राहिलं. आडनावावरून मुलं त्याला 'डूम' अशी हाक मारत. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. कॉमिक्स, भिंतींवरची ग्राफिटी, रेकॉर्ड्स, यंत्रांची मोडतोड, सगळं दोघांचं जोडीने. पुढे दोघांनी मित्राला घेऊन केएमडी नावाचा संच बांधला. डॅनियल झाला झेव्ह लव्ह एक्स, डिंगिलिझ्वे झाला डीजे सबरॉक.

1989 साली थर्ड बेस या संचाच्या 'द गॅस फेस' या गाण्यात झेव्हला एक कडवं मिळालं. पुढे इलेक्ट्रासाठी नवे कलाकार शोधणारे डांटे रॉस यांनी केएमडीला त्या कंपनीकडे आणलं आणि 1991 मध्ये 'मिस्टर हूड' हा पहिला अल्बम आला. त्यातलं 'पीचफझ' हे गाणं टीव्हीवर बऱ्यापैकी चाललं. 'गॅस फेस' म्हणजे तुच्छतेने वाकडं केलेलं तोंड आणि 'पीचफझ' म्हणजे मिसरूड फुटण्याआधीची गालावरची लव. पुढे ज्याने चेहराच काढून घेतला त्याची पहिली दोन्ही नावाजलेली गाणी चेहऱ्याबद्दल असावीत, हा योगायोग आहे. पण जे त्याने नंतर झाकलं ते आधी किती मोकळेपणाने दाखवलं होतं, हे त्यातून कळतं. 'मिस्टर हूड'ची घडणही गमतीची आहे. अल्बमभर भेटणारा हूड हा गृहस्थ खरा माणूस नाही. परदेशी भाषा शिकवणाऱ्या एका जुन्या रेकॉर्डवरची वाक्यं कापून पोरांनी त्याच्याशी संवाद रचले. दुसऱ्यांच्या आवाजांतून एक पात्र उभं करायचं आणि त्या पात्राच्या गोष्टीत आपली गाणी ओवायची, ही डूमची हातोटी विसाव्या वर्षीच तयार होती. मुखवटा मागाहून आला.

दुसरा अल्बम जवळजवळ पुरा झाला असताना, 23 एप्रिल 1993 रोजी, लाँग आयलंडवर रस्ता ओलांडताना सबरॉकला गाडीने उडवलं. तो 19 वर्षांचा होता. थोरल्याने अल्बम एकट्याने पूर्ण केला. नाव 'ब्लॅक बास्टर्ड्स'. मुखपृष्ठावर 'सांबो' फासावर लटकलेला दाखवला होता. सांबो म्हणजे काळ्या माणसाची टर उडवणारं, जाड ओठांचं जुनं गोऱ्यांचं व्यंगचित्र. झेव्हच्या मते तो त्या व्यंगचित्राला दिलेला फास होता. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकातल्या स्तंभात मात्र त्यावर टीकेची झोड उठली. इलेक्ट्रा वॉर्नर समूहातली कंपनी. 1992 मध्ये वॉर्नरनेच काढलेल्या, पोलिसांना मारण्याची भाषा करणाऱ्या 'कॉप किलर' या गाण्यावरून उठलेल्या वादळाने वॉर्नरचे अधिकारी आधीच पोळलेले. त्यांनी चित्र बदलायला सांगण्याची तसदी घेतली नाही. 1994 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे सबरॉकला जाऊन वर्ष होत असताना, अल्बम रद्द केला आणि कराराचा निकाल लावला. झेव्हच्या हातात 20,000 डॉलर आणि मास्टर टेप आल्या. मालकी परत मिळणं ही त्या धंद्यात विरळा गोष्ट. पण तेव्हा त्याचं कौतुक कुणाला असणार? अल्बम चोरट्या प्रतींतून फिरत राहिला आणि अधिकृतपणे निघायला नवं शतक उजाडावं लागलं.

पुढची तीनेक वर्षं नोंदींच्या दृष्टीने रिकामी आहेत. त्याने स्वतः नंतर सांगितलं की त्या दिवसांत तो जवळजवळ बेघर होता, मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून भटकायचा, बाकांवर झोपायचा. या काळाबद्दल दंतकथा फार आहेत आणि त्या सांगायला चटकदारही आहेत. या पुस्तकात त्या नाहीत. त्याच्या तोंडून आलेलं आणि त्याच्या सोबत्यांनी दुजोरा दिलेलं तेवढंच घेतलं आहे.

1997 च्या सुमारास मॅनहॅटनच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, जिथे कवितेच्या आणि रॅपच्या खुल्या मैफली होत, एक जण तोंडावर बायकांचा नायलॉनचा मोजा ओढून रॅप करू लागला. त्याच वर्षी फॉन्डल एमवर त्याची पहिली तबकडी आली. मोज्याच्या जागी आधी ग्राफिटी चित्रकार कीओने तयार केलेला मुखवटा आला आणि पुढे 'ग्लॅडिएटर' या 2000 सालच्या चित्रपटातल्या शिरस्त्राणाच्या नकलेवरून केलेला धातूचा. मूळ कल्पना डॉक्टर डूमची. हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1962 मध्ये 'फँटास्टिक फोर'च्या पाचव्या अंकात आणलं. हुशार विद्यार्थी, फसलेला प्रयोग, विद्रूप झालेला चेहरा, त्यावर चढवलेलं लोखंड आणि ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांचा सूड, अशी त्याची कथा. लहानपणापासून 'डूम' म्हणवल्या गेलेल्या, कंपनीने हाकललेल्या माणसाला ही गोष्ट आयती सापडली. त्याने तिची बाजू उलटी केली: नायकांच्या गर्दीत खलनायकाचं म्हणणं कोण ऐकतं? ते मी सांगतो.

मुखवट्याचं त्याने दिलेलं कारण साधं होतं. रॅपर दिसतो कसा, कपडे कोणते घालतो, गळ्यात साखळी किती जाड आहे, यावर माणसं जास्त बोलू लागली होती. तोंड झाकलं की उरतात शब्द. शब्द बरे असतील तर ऐका. हे कारण खरं आहे, पण ते दुःख लपवण्याचंही सोयीचं कारण होतं असं मला वाटतं. 'डूम्सडे'मध्ये आणि '?' अशा नुसत्या प्रश्नचिन्हाचं शीर्षक असलेल्या गाण्यात भाऊ येतो. चेष्टा-मस्करी चालू असताना मध्येच येतो, आणि ओळ संपली की गाणं पुन्हा चेष्टेकडे वळतं. ज्याला रडायचं आहे पण लोकांसमोर रडायचं नाही, त्याच्या कामाचा तो मुखवटा होता.

आता मुख्य गोष्ट, कारागिरी. डूमच्या यमकांबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहून झालं आहे. मराठी वाचकाला ती कळायला अडचण पडू नये, कारण आपल्याकडे मोरोपंत होऊन गेले. ज्या माणसाने शंभराच्या आसपास रामायणं लिहिली आणि त्यातलं एक ओठ न जुळवता म्हणता यावं असं, प-फ-ब-भ-म टाळून, निरोष्ठ लिहिलं, त्याच्या वाचकाला शब्दांच्या कसरतीचं वेगळं शिक्षण लागत नाही. शेवटचं अक्षर जुळवणं हे यमकाचं किमान रूप. डूम चार-पाच अक्षरांचा अख्खा पुंजका उचलतो आणि त्यातले स्वर पुढच्या ओळीत जसेच्या तसे बसवतो. 'जुनी वही'ला 'कुणी नाही' आणि त्याला 'उणी काही' जुळवत जावं, आणि हे ओळीच्या शेवटीच नव्हे तर पोटातही चालू ठेवावं, तसं काहीसं. अशा साखळ्या तो आठ-आठ, दहा-दहा ओळी ओढतो आणि दम लागल्याचं कुठे जाणवू देत नाही. आवाज घोगरा, चाल सैल, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारी. ओट्यावर बसून कुणी गप्पा मारतंय असं वाटावं. मग दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात लक्षात येतं की त्या गप्पांतला एकही शब्द सुटा पडलेला नाही.

मोरोपंतांवर जो आक्षेप आहे तोच डूमवरही घेता येईल: यमकापायी अर्थ ओढाताणीने आणला. डूमचं उत्तर विनोदात आहे. यमक ज्या शब्दाकडे बोट दाखवतं, विशेषतः तो शब्द शिवराळ असेल, तर तो ऐनवेळी टाळतो आणि भलताच सोवळा शब्द ठेवून देतो. श्रोत्याने मनात आधीच म्हटलेला शब्द त्याच्याच गळ्यात पडतो. यमक इथे अर्थावर कुरघोडी करत नाही. ते श्रोत्याला फसवायचं हत्यार होतं.

संगीताकडेही तसंच पाहायला हवं. हिप-हॉपमध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे कापून, सॅम्पलर नावाच्या यंत्रात घालून, त्यांची आवर्तनं फिरवून नवं संगीत उभं राहतं. डूमने उचललेले तुकडे बहुतेकदा मऊ, गुळगुळीत, रेडिओवर दुपारी वाजावेत असे. 'डूम्सडे'खाली शादेचं 'किस ऑफ लाइफ' आहे. 'गॅस ड्रॉल्स'खाली स्टीली डॅनचं 'ब्लॅक काऊ'. त्यावर घोगऱ्या आवाजातला खलनायक. स्टीली डॅनच्या याच तुकड्यावर त्याच सुमारास लॉर्ड तारिक आणि पीटर गुंझ या जोडीने 'डेजा व्हू' हे गाणं केलं. ते देशभर गाजलं आणि गाजलं म्हणूनच वकिलांच्या नजरेत आलं. रचनेच्या हक्कांचं उत्पन्न मूळ रचनाकारांकडे गेलं. डूमची तबकडी दुकानांच्या मागच्या फळ्यांवर होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. अंडरग्राउंडमध्ये जे स्वातंत्र्य मिळतं त्यातलं बरंचसं असं आहे, नजरेआड असल्याचं. ते तत्त्वातून आलं असं समजून त्याची आरती करण्यात अर्थ नाही.

2003 आणि 2004 ही दोन वर्षं त्याच्या कारकिर्दीचा कळस. या काळात चार नावांनी पाच अल्बम आले. जपानी चित्रपटांतल्या तीन डोक्यांच्या राक्षसावरून घेतलेल्या 'किंग गीडोरा' या नावाने एक. हा परग्रहावरून माणसांचं निरीक्षण करणारा. 'व्हिक्टर व्हॉन' नावाने दोन. हा उद्धट, तरुण, तोंडाळ. 'एमएम..फूड' हा डूमच्या स्वतःच्या नावाने; शीर्षकातली अक्षरं फिरवली की 'एमएफ डूम' तयार होतं आणि त्यातल्या बहुतेक गाण्यांची नावं खाण्याच्या पदार्थांची आहेत. आणि मॅडलिब या संगीतकाराबरोबर 'मॅडव्हिलन' या जोडनावाने 'मॅडव्हिलनी'.

'मॅडव्हिलनी' 23 मार्च 2004 ला स्टोन्स थ्रो या लॉस एंजेलिसच्या कंपनीने काढला. 22 तुकडे, सगळे मिळून 46 मिनिटं. ध्रुवपद जवळजवळ नाहीच. गाणं रंगात येतंय तोवर संपतं. मॅडलिबने त्यातले काही बीट्स ब्राझीलच्या मुक्कामात, हॉटेलच्या खोलीत, तिथल्याच दुकानांतून उचललेल्या रेकॉर्ड्सवर एका लहान सॅम्पलरने तयार केले. अल्बम बाहेर पडायला वर्षाहून अधिक अवकाश असताना कच्ची प्रत इंटरनेटवर फुटली. दोघेही हिरमुसले आणि दुसऱ्या कामांना लागले. परतल्यावर डूमने बरीच कडवी पुन्हा म्हटली, या वेळी आवाज खाली आणून, थंडपणे. फुटलेली प्रत आणि छापलेली प्रत एकापाठोपाठ ऐकल्या तर शब्द तेच असूनही पहिलीत एक उत्साही रॅपर ऐकू येतो आणि दुसरीत डूम. विक्रीच्या यादीत हा अल्बम 179 व्या क्रमांकापर्यंत पोचला. त्याच्या वर असलेली किती नावं आज कुणाला आठवतात?

यातलं एक गाणं जवळून पाहू. 'फॅन्सी क्लाउन'मध्ये माइक व्हिक्टर व्हॉनच्या हाती आहे. प्रेयसीने दगा दिला म्हणून तो फोनवर तिला फैलावर घेतो. तिने गाठलेला दुसरा पुरुष कोण? तर एमएफ डूम, तोच तो लोखंडी तोंडाचा. व्हिक्टर त्याला बघून घेण्याची धमकी देतो, त्याच्या मुखवट्याची आणि रूपाची चेष्टा करतो. दोघे एकच आहेत हे श्रोत्याला ठाऊक, आणि श्रोत्याला ठाऊक आहे हे गाणाऱ्याला ठाऊक. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आणि वरवर निव्वळ गंमत. पण एका माणसाने आपल्याच दुसऱ्या रूपाचा मत्सर करावा आणि तोही खरा वाटावा, ही कादंबरीकाराची करामत आहे. रॅपमध्ये 'मी' म्हटलं की तो गाणाराच, असा संकेत त्या काळी पक्का होता. खरेपणाचा दाखला म्हणून रॅपर आपल्या वस्तीचं नाव आणि आपल्या जखमा दाखवत. डूमने 'मी'ची फोड केली आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा आवाज दिला. तो बोलतानाही बहुतेकदा स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलतो.

या यशाची दुसरी बाजू झाकण्याचं कारण नाही. 2007 पासून मैफलींत मुखवटा घालून भलताच माणूस उभा राहिल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तोतये ध्वनिमुद्रणावर ओठ हलवत आणि निघून जात. डूमने इन्कार केला नाही. आपण या पात्राचे लेखक आणि दिग्दर्शक आहोत, भूमिका कुणाला द्यायची हे आपण ठरवू, असा त्याचा पवित्रा होता. 'चेहरा पाहू नका' या नियमाचं हे तर्कशुद्ध टोक आहे, असं त्याचे चाहते म्हणतात. तर्क बिनतोड आहे. तिकीट काढलेल्या माणसाची मात्र त्यात फसवणूक झाली, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. 2009 च्या 'बॉर्न लाइक धिस'मधल्या 'बॅटी बॉइझ' या गाण्यात समलिंगी माणसांची केलेली टवाळीही तशीच: खलनायकाचं पात्र बोलतंय म्हणून ती सोडून देता येत नाही. आणखी एक विसंगती मुखवट्याची. दिखाऊपणाविरुद्ध चढवलेला मुखवटा पाहता पाहता स्वतःच सर्वांत विकाऊ वस्तू झाला. 2007 मध्ये नायकेने डूमच्या नावाचे बूट काढले. आज तो मुखवटा शर्टांवर, खेळण्यांवर, भिंतींवर आहे आणि तो मिरवणाऱ्या सगळ्यांनी गाणी ऐकली आहेत असं नाही.

2010 मध्ये डूम युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि त्याला अमेरिकेत परत घेतलं नाही. बालपणापासून तिथे वाढूनही तो कागदोपत्री अमेरिकी नागरिक कधी झालाच नव्हता. न्यूयॉर्कच्या बोलीत रॅप करणारा माणूस जन्मगावी, लंडनला, जवळजवळ परका म्हणून राहू लागला. बायकामुलं मागे राहिली आणि त्यांची पुन्हा गाठ पडायला बराच काळ गेला. 'की टू द कफ्स' हा 2012 चा अल्बम या सक्तीच्या मुक्कामातला. 2014 मध्ये त्याने बिशप नेहरू या अठरा वर्षांच्या रॅपरबरोबर 'नेहरूव्हियनडूम' केला. हो, नाव पंडित नेहरूंवरूनच. 2017 च्या डिसेंबरात त्याचा 14 वर्षांचा मुलगा गेला. 31 ऑक्टोबर 2020 रोजी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डूमचं निधन झालं. वय 49. रक्तदाबाच्या औषधाची विपरीत प्रतिक्रिया होऊन आलेली सूज हे कारण पुढे चौकशीत नोंदलं गेलं. जगाला बातमी कळली वर्षाच्या शेवटच्या दिवशी, पत्नीने जाहीर केली तेव्हा. पुढच्या वर्षी लाँग बीचमधल्या एका रस्त्याला केएमडी आणि एमएफ डूम यांचं नाव मिळालं. ज्या देशाने त्याला आत घेतलं नाही त्याच देशातल्या एका गावाने.

मराठी वाचकाने हे सगळं का वाचावं? भारताशी असलेले धागे बारीक आहेत. बिशप नेहरूचं नाव हा एक. मॅडलिबने हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या कापून 2007 मध्ये केलेला 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा दुसरा. त्यांच्या जोरावर पुस्तक उभं राहात नाही. खरं कारण आपल्या दारात आहे. 2014 मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 'आफत' या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर करून इंटरनेटवर टाकला. पुढच्या वर्षी त्याचं आणि डिव्हाइनचं 'मेरे गली में' आलं आणि 2019 मध्ये 'गली बॉय' चित्रपटाने हे सगळं घराघरांत नेलं. त्याच वर्षी स्वदेसी या संचाने आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. धारावीपासून विदर्भापर्यंत पोरं मराठीत, हिंदीत, आपापल्या बोलीत लिहीत आहेत. त्यांच्यासमोर कागद येतात ते डुमिले भावंडांसमोर आले तसेच: आगाऊ रक्कम, मालकी, हक्क, कुणाच्या नावाने काय. आणि मोह तेच: दिसणं, साखळ्या, आपण किती खरे याचा देखावा. डूमच्या कारकिर्दीत त्यांना द्यायला धडा नसेल कदाचित, पण एक पूर्ण हिशेब आहे, जमा आणि खर्च दोन्ही बाजूंसह. मास्टर टेप हातात असलेल्या माणसाचंही काय होऊ शकतं, हे त्यात आहे. आणि दहा जणांच्या खोलीत, तोंडावर मोजा ओढून, शून्यापासून सुरुवात करता येते हेही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रत्येक प्रकरण एका ध्वनिमुद्रिकेभोवती आहे आणि चरित्र त्या ओघात येतं. गाण्यांचे शब्द उद्धृत केलेले नाहीत. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय कागदावर उतरवलेलं रॅप तालाविना निम्मं मरतं. त्याऐवजी कोणत्या गाण्यात काय ऐकायचं हे सांगायचा प्रयत्न केला आहे. डूमच्या मनात काय होतं याचे अंदाज बांधणं होता होईल तो टाळलं आहे. माणूस कसा होता याची उत्सुकता स्वाभाविक आहे, पण तोंड झाकून त्याने त्या उत्सुकतेला दिलेलं उत्तर स्पष्ट होतं, आणि चरित्रकाराने निदान त्याच्या कामापुरती तरी त्याची अट पाळावी असं मला वाटतं. भावाचा मृत्यू, बेघर दिवस, हद्दपारी, मुलाचं जाणं, हे सगळं ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही ती गाणी पहिल्याच ऐकण्यात धरून ठेवतात. चरित्र ठाऊक झाल्यावर ती अधिक खोल वाटतात, पण त्या आधारावाचून ती उभी आहेत. कुठल्याही कलावंताचं काम तपासायची याहून कडक कसोटी मला माहीत नाही.

म्हणून वाचकाला विनंती एवढीच: पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी 'ऑपरेशन: डूम्सडे' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाणी न गाळता ऐकावा. शब्द सगळे कळणार नाहीत, तेव्हाच्या अमेरिकी श्रोत्यालाही कळत नव्हते. नंतर 'मॅडव्हिलनी' ऐकावा, आणि जमलं तर त्याच्या फुटलेल्या कच्च्या प्रतीशी ताडून पाहावा. त्यानंतर हे पुस्तक उघडलं तर लेखकाचं म्हणणं कुठे पटत नाही हेही तुम्हाला सांगता येईल.